पुढल्या चाकांची बखर

दिवाळी अंकात मोटारीच्या पुढल्या चाकांविषयी लेख लिहिणे म्हणजे फराळाच्या ताटात चकलीशेजारी नट-बोल्ट वाढण्यासारखे आहे, याची मला कल्पना आहे. इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड येतात, तह येतात, राज्याभिषेक येतात. परंतु लोखंडालाही इतिहास असतो. कोण्या मुत्सद्द्याने केलेल्या तहाची फळे जशी पुढल्या पिढ्या भोगतात, तशी १९५३ साली दोन इंग्रज कारखानदारांत झालेल्या एका सौद्याची फळे मी गेल्या हिवाळ्यात माझ्या गॅरेजमध्ये गुडघे टेकून भोगत होतो. आणि खोटे कशाला बोला, मोठ्या आनंदाने भोगत होतो. तीच हकीकत सांगायची आहे.

गाडीचे नाव ट्रायम्फ स्पिटफायर. दोन माणसांची, उघड्या टपाची, बुटकी, खेळकर मोटार. इंग्लंडातील कॉव्हेंट्री शहरात कॅन्ले नावाचा भाग आहे, तिथल्या कारखान्यात ती १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत होती. या अठरा वर्षांत तीन लाख चौदा हजारांवर गाड्या निघाल्या. माझी त्यांतली १९६८ सालची, म्हणजे तिसऱ्या आवृत्तीची. इंग्लंडच्या मध्यभागात माझे घर आहे. घरामागे जेमतेम एक गाडी आणि एक मनुष्य मावेल एवढे गॅरेज आहे, आणि निवृत्तीनंतरचा वेळही आहे. एवढ्या सामग्रीवर मी गाडीचा पुढचा भाग उलगडायला घेतला.

आता हा "पुढचा भाग" काय प्रकरण आहे ते पाहा. आपल्या नेहमीच्या मोटारीचे बॉनेट म्हणजे पेटीचे झाकण. ते उघडले की आत डोके घालायचे आणि हाताची कोपरे मडगार्डावर घासत काम करायचे. स्पिटफायरचे तसे नाही. तिचे बॉनेट, दोन्ही मडगार्डे, दिवे, सगळा मुखवटाच एकसंध आहे आणि तो पुढच्या बाजूला बिजागऱ्यांवर कलंडतो. मुखवटा कलंडला की इंजिन, चाके, स्प्रिंगा, स्टिअरिंगच्या कांड्या असा सगळा संसार उघड्यावर येतो. चाकावर बसूनसुद्धा काम करता येते. आमच्या शेजारची लहान मुलगी हे दृश्य प्रथम पाहून म्हणाली, "गाडीने आ केला!"

हा आ तिने हौसेने केलेला नाही. तिला तो करावा लागला. आणि तिला म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीला.

या थोरल्या बहिणीचे नाव हेरल्ड. दुसऱ्या महायुद्धानंतर स्टँडर्ड-ट्रायम्फ ही कंपनी कॉव्हेंट्रीत मोटारी बनवीत होती. इंजिने तिची स्वतःची होती, परंतु अंगाचा पत्रा ठोकून देणारे कारखाने दुसऱ्यांचे होते. तिच्या लहान गाड्यांची शरीरे फिशर अँड लडलो ही कंपनी पुरवीत असे. १९५३ साली ही कंपनी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने, म्हणजे ऑस्टिन आणि मॉरिस या जोडीने, विकत घेतली. थोडक्यात, ज्याच्याकडून आपण अंगरखा शिवून घेतो तो शिंपीच शेजारच्या वैऱ्याने घरजावई करून नेला. पुढच्या गाडीचा पत्रा मिळणार नाही हे लवकरच स्पष्ट झाले. कंपनीचा मुख्य चालक ॲलिक डिक आणि इंजिनीअरांचा प्रमुख हॅरी वेब्स्टर यांच्यापुढे प्रश्न पडला : गाडी तर काढायची, पण एवढे मोठे शरीर एकसंध ठोकून देणार कोण?

त्या काळी मोटारींच्या जगात नवे वारे वाहत होते. खाली वेगळी चासी नको. सगळे शरीर डबीसारखे एकत्र जोडायचे आणि त्या डबीच्याच बळावर गाडी उभी ठेवायची, अशी पद्धत रूढ होत होती. वेब्स्टरने याच्या नेमके उलट केले. त्याने खाली पोलादी चासी ठेवली आणि तिच्यावर बसणारे शरीर तुकड्यातुकड्यांत आखले. प्रत्येक तुकडा एवढा लहान, की तो निरनिराळ्या लहान कारखान्यांना ठोकता यावा. मग ते सारे तुकडे बोल्टांनी एकमेकांना आणि चासीला जोडायचे. त्यासाठी कंपनीने पत्र्याचे काम करणारे कारखाने स्वतःच विकत घ्यायला सुरुवात केली. बर्मिंगहॅमची मलिनर्स कंपनी १९५८ साली तिच्या पदरात आली. जाणकारांनी त्या काळात या वेगळ्या चासीला मागासलेपणा म्हणून नाक मुरडले असल्यास नवल नाही. मला विचाराल तर दारिद्र्यातून आलेली ही युक्ती होती, आणि दारिद्र्यातून आलेल्या पुष्कळ युक्त्यांप्रमाणे ती मालकापेक्षा जास्त टिकली.

रूप मात्र दरिद्री नव्हते. ते दिले इटलीतल्या तुरीनच्या जोव्हानी मिकेलोत्ती याने. १९२१ साली जन्मलेला हा गृहस्थ रेषेचा मोठा धनी. १९५९ च्या एप्रिलमध्ये हेरल्ड बाहेर आली. ॲलिक डिकच्या होडीचे नाव हेरल्ड होते, तेच गाडीला मिळाले. पुढचा सगळा मुखवटा कलंडणारी ही गाडी आणखी एका गोष्टीसाठी गाजली : अवघ्या पंचवीस फुटांच्या वर्तुळात ती वळे. लंडनच्या टॅक्सीशी बरोबरी करणारे हे वळण होते. पुढली चाके अशी काही विलक्षण तिरकी होत, की पाहणाऱ्याला वाटावे ती निखळलीच! हे "निखळणे" ध्यानात ठेवा. त्याच्याशी आपल्याला पुढे गाठ घ्यायची आहे.

स्पिटफायरचा जन्म याच चासीवर झाला. हेरल्डच्या पुढल्या आणि मागल्या चाकांतले अंतर ९१.५ इंच होते. ते तोडून ८३ इंच केले आणि त्यावर मिकेलोत्तीने खेळकर शरीर चढवले. नमुना तयार झाला आणि नेमके तेव्हाच कंपनीच्या तिजोरीत खडखडाट झाला. नमुना कारखान्याच्या एका कोपऱ्यात धूळझाडीच्या कापडाखाली गेला. १९६१ साली लेलँड कंपनीने स्टँडर्ड-ट्रायम्फ ताब्यात घेतली. हे लेलँड नाव आपल्याला परके नाही. त्यांच्या ट्रका आणि बसगाड्या आपल्या रस्त्यांवर कित्येक वर्षे धावल्या आहेत. लेलँडचे स्टॅन्ली मार्कलंड नावाचे अधिकारी कारखाना पाहत हिंडत असता त्यांचे लक्ष त्या कापडाकडे गेले. त्यांनी ते उचलून पाहिले, आणि गाडी काढायची असे ठरले. एखाद्या सरदाराच्या वाड्यातल्या अडगळीत शाहजादी सापडावी, तसाच हा प्रकार. १९६२ च्या ऑक्टोबरात लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात स्पिटफायर लोकांपुढे आली. नाव महायुद्धातल्या प्रसिद्ध लढाऊ विमानाचे, इंजिन मात्र ११४७ सी. सी. चे आणि त्रेसष्ट अश्वशक्तीचे. नावाच्या मानाने ताकद बेताचीच, पण पुढल्या चाकांना डिस्क ब्रेक पहिल्या दिवसापासून होते.

त्याच प्रदर्शनात त्याच वर्षी लोटस कंपनीची एलान ही गाडीही मांडलेली होती. किमतीने आणि तोऱ्याने ती स्पिटफायरच्या कितीतरी वरची. परंतु एखाद्याने तिच्या पुढल्या चाकामागे वाकून पाहिले असते तर तिथे त्याला ट्रायम्फचाच उभा दांडा दिसला असता. लोटसच्या कॉलिन चॅपमनला स्वतःचा साचा पाडण्यापेक्षा तो तयार दांडा घेणे परवडले. गरीब घरची सोयरीक श्रीमंत घरी अशी गुपचूप होत असते.

या दांड्याचीच सगळी कथा आहे, म्हणून तो नीट समजून घेऊ.

स्पिटफायरच्या पुढच्या प्रत्येक चाकाशी बेचकीच्या आकाराचे दोन पोलादी हात असतात, एक वर आणि एक खाली. बेचकीची दोन टोके चासीकडे आणि मूठ चाकाकडे. या दोन मुठींच्या मध्ये तो उभा दांडा. तो घडीव पोलादाचा असतो, आणि त्यातून आडवा निघालेल्या आसावर चाक फिरते. खड्डा आला की दोन्ही बेचक्या वरखाली होतात आणि मधली स्प्रिंग धक्का गिळते. वळण आले की दांडा स्वतःभोवती फिरतो आणि चाक तिरके होते. म्हणजे दांड्याला दोन्ही टोकांना असे सांधे हवेत, की जे फिरूही देतील आणि गाडीचा भारही सोसतील. वरच्या टोकाला आपल्या खुब्यासारखा गोळ्याचा सांधा आहे. खालच्या टोकाला मात्र ट्रनियन नावाचा एक पितळी ठोकळा आहे. दांड्याच्या खालच्या टोकाला जाड आटे पाडलेले असतात, आणि बरणीच्या झाकणात बरणी बसावी तसा दांडा त्या ठोकळ्यात आट्यांनी बसतो. तुम्ही स्टिअरिंग फिरवले की दांडा त्या आट्यांत किंचित पिळतो, किंचित उलटा पिळतो. डाव्या चाकाचे आटे उलटे, उजव्याचे सुलटे. तेव्हा डावा ठोकळा उजवीकडे बसवू म्हटले तर बसतच नाही. एवढी साधी रचना. ना त्यात गोट्यांचे बेअरिंग, ना काही नाजूक. पितळ मऊ, पोलाद कठीण. दोहोंच्या मध्ये तेलाचा पडदा असला की वर्षानुवर्षे चालावे.

तेलाचा. ग्रीसचा नव्हे. सगळे पाणी इथेच मुरते.

कंपनीच्या पुस्तकात स्पष्ट सांगितले होते की, या सांध्याला गिअरपेटीत घालतात त्या जातीचे जाड तेल पिचकारीने भरावे. कारण असे की, आट्यांमधल्या फटी अगदी अरुंद आहेत. तेल त्यांत वाहत जाते. ग्रीस दारातच बसून राहते, काही काळाने घट्ट होते आणि पुढे तेलाचाही मार्ग अडवते. मग पावसाचे पाणी शिरते. पोलादाच्या आट्यांना गंज चढतो आणि तो गंज पितळेला धरून बसतो. सांधा फिरेनासा होतो. पण चालक तर स्टिअरिंग फिरवतच असतो! तो सगळा पीळ दांड्याच्या सर्वांत बारीक जागेवर, आट्यांच्या जरा वर, येतो. एके दिवशी तिथे केसाएवढी चीर जाते, आणि कधीतरी दांडा मोडतो. हे बहुधा भर वेगात घडत नाही. चाक पूर्ण वळवून गाडी हळू हळू वाड्यात घेताना घडते, कारण पीळ तेव्हाच सर्वांत जास्त पडतो. देवाची कृपा म्हणायची.

आता कोणी विचारील की, पुस्तकात लिहिलेले असता लोकांनी ग्रीस का भरले? याचे उत्तर इंग्लंडात शोधण्यापेक्षा मी मुंबईत शोधतो, कारण तिथे ते माझ्या डोळ्यांपुढे घडले.

हेरल्ड बोल्टांनी जोडलेली असल्यामुळे पेट्यांत तुकडे घालून परदेशी पाठवायला आणि तिथे जोडायला सोयीची होती. कंपनीने ती अनेक देशांत तशी पाठवलीही. आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने १९६१ पासून ती काढली आणि तिचे नाव "स्टँडर्ड हेरल्ड" ठेवले. तो काळ आजच्या तरुणांना सांगूनही पटणार नाही. परदेशी मोटारींना दार बंद, आणि देशात मुख्यतः तीनच नावे : कलकत्त्याकडची ॲम्बॅसडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची हेरल्ड. नंबर लावायचा आणि वाट पाहायची. हेरल्ड पुढे चार दारांची झाली, १९७२ मध्ये तिचे रूप बदलून "गॅझेल" झाले आणि १९७७ साली ती मालिका संपली. स्पिटफायर मात्र आपल्याकडे कधी बनली नाही. तरी तिचा सांधा आपल्या रस्त्यांनी पुष्कळ पाहिला, कारण तो हेरल्डच्याच जातीचा.

माझ्या मामांकडे हेरल्ड होती. दादरला हिंदू कॉलनीतल्या अरुंद गल्लीत ते एका दमात गाडी वळवीत, आणि समोरचे फियाटवाले पुढेमागे करीत घाम गाळीत बसत. मामांना याचा कोण अभिमान! १९६९ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी त्यांनी फाटकातून गाडी आत घेण्यासाठी चाक पूर्ण वळवले आणि "कट्" असा आवाज होऊन गाडीचा डावा खांदा खाली बसला. चाक मडगार्डाखाली आडवे झाले होते. मी आणि माझी मामेबहीण मागे बसलो होतो. कोणाला काही लागले नाही. मामा खाली उतरले, कमरेवर हात ठेवून त्यांनी गाडीकडे पाहिले आणि म्हणाले, "अरे, बैलच बसला की!"

दुसऱ्या दिवशी त्यांचा नेहमीचा मिस्त्री आला. भला माणूस, हाताचा कुशल. त्याने मोडका दांडा हातात घेऊन उलटासुलटा केला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "साहेब, देवाशपथ सांगतो, गेल्याच महिन्यात ठासून ग्रीस भरला होता!"

त्याचे खोटे नव्हते. त्याने खरोखरच ठासून भरला होता. आयुष्यभर त्याच्या हाताखालून ज्या गाड्या गेल्या त्यांच्या पुढल्या सांध्यांना ग्रीसच लागे. मॉरिस मायनर १९४८ पासून इंग्लंडात निघत होती. तिच्याही पुढल्या चाकांना आट्यांचेच सांधे, पण त्यांना ग्रीस द्यायचे असे, आणि न दिल्यास तीही अशीच बसे. मग हेरल्डचे पुस्तक कोण उघडतो? आणि ते असते इंग्रजीत, मालकाच्या कपाटात, कुलूपबंद. ज्याच्या हातात पिचकारी त्याच्या हातात पुस्तक नाही, आणि ज्याच्या हातात पुस्तक तो गाडीखाली वाकत नाही. इंग्लंडातही याहून निराळे घडले नसावे, असे माझ्या गाडीवरून मला वाटते; ते आता सांगतो.

गेल्या नोव्हेंबरात मी बॉनेट उतरवले. दिव्यांच्या तारा सोडवल्या, बिजागऱ्यांचे बोल्ट काढले, आणि सौ. एका टोकाला व मी दुसऱ्या टोकाला अशी ती पालखी परसदारी नेऊन ठेवली. जड फार नाही, पण धरायला धड जागा नाही. सौ. म्हणाल्या, "लग्नात मला एवढे कोणी उचलून नेले नव्हते." मग रंग खरवडायला सुरुवात केली. मडगार्डाच्या चाकावरच्या कडेला रंगाखाली बोटभर जाडीची लांबी निघाली. कोणा पूर्वीच्या मालकाने गंजलेल्या पत्र्याला भोके पडल्यावर ती लांबीने बुजवून वर सुरेख रंग दिला होता. वरून पाहावे तर गाल गुलाबी आणि आत दात पडलेले. लांबी सगळी काढली, सडका पत्रा कापला आणि नव्या पत्र्याच्या पट्ट्या वाकवून झाळल्या. यावर अधिक लिहीत नाही. पत्र्याचे काम करताना जेवढी मजा येते तेवढी ते वाचताना येत नाही.

मग चाकांकडे वळलो. गाडी जॅकवर उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवली. स्प्रिंग आणि तिच्या पोटातला शॉकअब्सॉर्बर एकत्र बाहेर येतात; परंतु त्यांची ताटातूट करताना स्प्रिंग शिकंज्यात आवळूनच वरचा नट सोडावा लागतो. दबलेली स्प्रिंग म्हणजे दाबून धरलेला राग, केव्हा कोणाच्या तोंडावर येईल याचा नेम नाही. हे काम मी घरात कोणी नसताना केले. खालच्या बेचकीच्या कंसामागे, चासीला लागून, पातळ पत्र्याचे तुकडे घातलेले असतात. चाक सरळ उभे आहे की आत-बाहेर कलले आहे हे त्या तुकड्यांच्या संख्येवर ठरते. कोणत्या बाजूला किती निघाले हे लिहून ठेवलेच पाहिजे. सौ. यांनी त्यासाठी लोणच्याच्या रिकाम्या बरण्या दिल्या आणि त्यांवर आपल्या वळणदार अक्षरात चिठ्ठ्या डकवल्या : "डावे, खालचे, पुढचे", "उजवे, खालचे, मागचे". एका बरणीवर जुनी चिठ्ठी राहून गेली होती. तिच्यावर "कैरी, कमी तिखट" असे आहे, आणि तीत उजव्या स्टिअरिंगचे वॉशर आहेत.

सर्वांत छळले ते लांब बोल्टांनी. खालच्या बेचकीतून ट्रनियनमध्ये आडवा जाणारा एक बोल्ट असतो. तो एका पोलादी नळीत बसतो, आणि दोघांचा गंज एक झाला की नवरा-बायकोसारखे एकमेकांना सोडत नाहीत. तेल पाजले, तापवले, हातोडीने समजावले. डावा तीन दिवसांनी आला. उजवा आलाच नाही. त्याला करवतीने दोन्हीकडून कापावे लागले. शेजारचे वृद्ध गृहस्थ रोज कुंपणावरून पाहत असत. ते तरुणपणी कॅन्लेच्या कारखान्यात गाड्या जोडण्याच्या कामावर होते. माझी करवत चालू असता ते म्हणाले, "आम्हांला हे बोल्ट घट्ट करायला शिकवले होते हो. साठ वर्षांनी कोणी सोडायला बसेल, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते."

अखेर दोन्ही उभे दांडे टेबलावर आले. उजव्याच्या ठोकळ्यातून काळपट, पण वाहणारे तेल निघाले. डाव्यातून निघाले ते पिवळट, मेणासारखे घट्ट ग्रीस, आणि खाली गंजाचा चुरा. एकाच गाडीचे दोन पाय, आणि दोघांना दोन निराळ्या हातांनी सांभाळलेले. माझ्या डोळ्यांपुढे त्या मिस्त्रीचा चेहरा आला.

डोळ्यांना दोन्ही दांडे चांगलेच दिसत होते. अशा वेळी मनात वाद उभा राहतो. जुन्या गाड्यांचे जे शौकीन आहेत त्यांच्यात "मूळचे" या शब्दाला सोवळ्याचे महत्त्व आहे. मूळचा रंग, मूळचा बोल्ट, मूळचा ओरखडासुद्धा. १९६८ मध्ये कॉव्हेंट्रीच्या कामगाराने बसवलेला दांडा काढून नवा घालायचा म्हणजे इतिहासाचे एक पान फाडायचे, असे ते म्हणतील. आणि तो मोह मलाही आहे. पण त्याच गाडीत उन्हाळ्यात माझी नात शेजारी बसणार होती. तेव्हा तपासणी करायची ठरवली. एक तांबडे, अतिशय पातळ रंगद्रव्य मिळते. दांडा स्वच्छ पुसून त्यावर ते फासायचे, थोडा वेळ थांबायचे आणि पुन्हा पुसून टाकायचे. मग वर पांढऱ्या भुकटीचा फवारा मारायचा. कुठे चीर असली तर तिच्यात दडलेला तांबडा रंग पांढऱ्यावर उमटतो. उजवा दांडा पांढराशुभ्र राहिला. डाव्यावर आट्यांच्या जरा वर, जिथे पुस्तके सांगतात नेमके तिथे, कुंकवाची काडी ओढावी तशी अर्ध्या बोटाची एक बारीक तांबडी रेघ हळूहळू वर आली.

मी बराच वेळ ती पाहत बसलो. सौ. यांना बोलावून दाखवली. त्या म्हणाल्या, "हा माणूस घरात ठेवा, पण कामाला लावू नका." डाव्या बाजूला नव्याने बनवलेला दांडा आणि नवा ट्रनियन घातला. जुना आता गॅरेजच्या फळीवर आहे, आणि त्यावरची रेघ मी पुसलेली नाही. उजवा मात्र तोच ठेवला, फक्त त्याचा ठोकळा नवा. ठोकळा आट्यांवर शेवटपर्यंत फिरवून मग जरासा उलटा घ्यायचा असतो, म्हणजे चाक दोन्हीकडे पूर्ण वळले तरी आटे तळाला टेकत नाहीत. रबराचे बुश सगळे नवे घातले. पातळ पत्रे बरण्यांतून निघून मोजून आपापल्या जागी गेले. एप्रिलमध्ये बॉनेटची पालखी परत आली आणि बिजागऱ्यांवर बसली. फटी अजून दोन्ही बाजूंना सारख्या नाहीत. शेजारचे गृहस्थ म्हणतात, कारखान्यातून निघतानाही नव्हत्या.

मिकेलोत्ती १९८० च्या जानेवारीत वारला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅन्लेच्या कारखान्यातून शेवटची स्पिटफायर बाहेर पडली. पिवळ्या रंगाची ती गाडी गेडनच्या मोटार-संग्रहालयात आहे आणि मी ती पाहून आलो आहे. काचेसारखी चकचकीत. तिच्या पुढल्या चाकामागे वाकून पाहण्याचा मला अनावर मोह झाला होता, पण रखवालदार जवळच उभा होता. एकसंध डबीसारख्या तिच्या कित्येक समकालीन गाड्या गंजून भंगारात गेल्या, कारण सडलेला एक भाग काढायला सगळी डबी फोडावी लागे. ही मात्र बोल्ट सोडला की तुकडा हातात देते. शिंपी पळवून नेणाऱ्यांच्या हे स्वप्नातही आले नसेल.

उन्हाळ्यात नात आली. तिला शेजारी बसवून मी गल्लीच्या टोकाशी चाक पूर्ण वळवले. चोवीस फुटांत गाडी फिरते, असे पुस्तक म्हणते आणि ती फिरली. नातीला त्यात काही विशेष वाटले नाही. तिला तो "आ" पुन्हा पाहायचा होता.

तेलाच्या पिचकारीची तारीख कशी लक्षात ठेवायची, हा प्रश्न सौ. यांनी परस्पर सोडवला आहे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर नरकचतुर्दशीच्या चौकोनात त्यांनी दोन ओळी लिहून ठेवल्या आहेत. वरची आमच्यासाठी : "अभ्यंगस्नान, पहाटे." खालची गाडीसाठी : "हिलाही. आधी डावीकडे."